पौषातला फुटबॉल आणि आमच्या आत्याबाई

मी एकदा फुटबॉलचा गोलपोस्ट जाळला. सगळा नाही, वरचा आडवा बांबू तेवढा. पण आडवा बांबू गेला की उरतात ते नुसते दोन खांब, आणि दोन खांबांना गाय बांधता येते, त्यांच्यात गोल करता येत नाही. हा उद्योग मी भर मैदानात, माणसांच्या गर्दीत, चेहऱ्यावर कर्तबगार सुनेचं हसू ठेवून केला. त्या वेळी मी बी.ए. झालेली होते हेही सांगून टाकते, म्हणजे नातवंडांच्या मनात शिक्षणाविषयी उगाच भ्रम राहायला नको. पण ही गोष्ट माझी नव्हे. ती माझ्या आतेसासूंची, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीची. जगातल्या कुठल्याही मैदानाला इतका अन्यायी आणि इतका प्रेमळ प्रेक्षक मिळाला नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि थंडीचं म्हणाल, तर थंडी आत्याबाईंना पाहून वणा नदीच्या पलीकडेच थांबत असे. बाकी हिंगणघाटाला काय वाजायची ती वाजायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आमचं घर मिलच्या मैदानाला पाठ लावून होतं. आत्याबाई ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. पहिली काही वर्षं त्यांना मागच्या खोलीतून बाहेर पडायची सोय नव्हती, आणि त्या खोलीची एकुलती एक खिडकी मैदानावर उघडायची. बाकीच्या बायका पोथी ऐकायला जात, आत्याबाई खिडकीशी बसून फुटबॉल बघत. मग एका पौषात, म्हणे, खिडकीतून दुसरा गोल दिसत नाही एवढ्या कारणावरून त्यांनी गोरशी उचलली, म्हणजे आपली विस्तव ठेवायची मातीची शेगडी, आणि तडक जाऊन मैदानाच्या कडेला बसल्या. घरात तीन दिवस भांडी आपटली. चौथ्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी बहिणीला बसायला पाट नेऊन दिला. भाऊ असावा तर असा, आणि बहीण असावी तर तशी.

टूर्नामेंट दर पौषात असायची, आणि मॅच रविवारी सकाळी साडेसातला. ती वेळ कोणी हौसेने ठरवलेली नव्हती. खेळणारे पोट्टे मिलमधले, दुपारी त्यांची पाळी लागायची. त्या वेळी नदीवरून धुकं चढून मैदानात असं भरायचं की या गोलकीपरला तो गोलकीपर दिसत नसे, आणि दोघांतला एक घरीच झोपलेला असता तरी हाफटाइमपर्यंत कळलं नसतं. गवतावर दव गोठल्यासारखं पांढरं पडलेलं. बॉल आधीच कातड्याचा, त्यात भिजलेला. तो ज्याच्या कपाळाला लागे तो मुलगा थोडा वेळ आपलं नाव आठवत उभा राही.

आणि अशा मैदानाच्या कडेला आत्याबाई. अंगावर नऊवारी लुगडं, त्यावर सासऱ्यांचा जुना काळा कोट, पायात पोस्टमनने टाकून दिलेले खाकी मोजे, आणि डोक्याला, कानांसकट, मानेसकट, दुसरं जुनं लुगडं फेट्यासारखं गुंडाळलेलं. त्या सगळ्याच्या मधोमध नाक आणि दोन डोळे. एकदा कामठीच्या टीमचा गोलकीपर, परगावचा बिचारा, धुक्यात आपल्या गोलात उभा होता. मागून कोणी खोकललं म्हणून त्याने वळून पाहिलं. पांढऱ्या धुक्यात लाल निखारे, त्यांच्यावर डोक्याचा हा एवढा गोळा, आणि त्या गोळ्यातून निघणारा धूर. मुलगा गोल सोडून थेट सेंटरपर्यंत पळाला आणि आमच्या पोरांनी रिकाम्या गोलात बॉल सारला. कामठीवाले तक्रार घेऊन आले तेव्हा आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "मी खोकली बावा. खोकला काय रेफ्रीले विचारून येते?"

त्यांना नियम येत नव्हते असं मी म्हणणार नाही. त्यांना नियम पटत नव्हते. ऑफसाइडवर तर त्यांचा जुना राग होता. "पोट्टा आधी जाऊन उभा राह्यला, थे त्याची हुशारी. यष्टीत आपन नाई का रुमाल टाकून जागा धरत?" असं त्या रेफ्रीला विचारायच्या, आणि तो माणूस शिट्टी पुसायला लागायचा, कारण तोही आर्वीहून यष्टीत रुमाल टाकूनच आलेला असायचा. लाइन्समनला त्यांनी वेगळ्या मार्गाने निकामी केलं होतं. गोरशीत तुरीच्या ओल्या शेंगा भाजायच्या आणि गरम गरम त्याच्या ओंजळीत द्यायच्या. एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात शेंगा, आणि सोलायला तर दोन्ही हात लागतात. त्या बाजूने ऑफसाइड म्हणून कधी लागलाच नाही.

खेळाडूंची नावं त्यांना ठाऊक नव्हती, त्यांच्या आया ठाऊक होत्या. "ये सखूच्या, पाय मोडला का तुहा, धाव ना," असं त्या ओरडल्या की तो सखूचा पोट्टा जीव खाऊन धावे, कारण आज नाही धावला तर संध्याकाळी नळावर सखूला कळणार. कोणी पडला की त्याला पाटावर बसवून जवसाच्या तेलाने गुडघा असा रगडायच्या की पोरगं दुखणं परवडलं म्हणून उठून पळायचं. परक्या टीमच्या पोरांनाही तेच तेल, तोच चहा, त्याच शिव्या. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे त्या कोणाच्या बाजूच्या हे कोणालाच सांगता येत नसे. हरणाऱ्याच्या बाजूने ओरडायचं, एवढाच त्यांचा पक्ष. आमची पोरं मागे असली की आमच्या. आमच्यांनी बरोबरी साधून पुढे एक गोल मारला, की आत्याबाई पाट उचलून मैदानाच्या दुसऱ्या अंगाला, कामठीवाल्यांमध्ये जाऊन बसायच्या. सखूचा एकदा वैतागून म्हणाला, "आत्याबाई, आमी जिंकलो त तुमाले दुःख काऊन होते?" त्या म्हणाल्या, "जिंकनाऱ्याले टाळ्या वाजवाले सारा गाव हाय. मी काऊन हात दुखवू?"

विधवा बहिणीने पुरुषांच्या गर्दीत एकटीने बसू नये, म्हणून घरातून एक बाई सोबत पाठवायची सासऱ्यांची रीत होती. ही सोबत आळीपाळीने सगळ्यांनी केली आणि सगळ्यांनी आळीपाळीने अंथरूण धरलं. थोरली जाऊ तर रविवार आला की शनिवारीच खोकायला लागायची. अशात मी लग्न होऊन आले आणि घराला नवा बैल मिळाला.

मी अमरावतीची. अमरावती म्हणजे लंडनच्या अलीकडचं स्टेशन, अशी त्या काळी माझी समजूत होती. पौषातल्या पहिल्या रविवारी मी मैदानावर गेले ती नायलॉनची गुलाबी पाचवारी, उंच टाचांच्या सँडल आणि हातात छोटी पर्स घेऊन. पर्समध्ये काय होतं? एक रुमाल आणि एक कंगवा. आत्याबाईंनी घोंगडी पुढे केली तर मी म्हटलं, "नको, मला थंडी वाजत नाही." साडीचा रंग झाकला जाईल, हे खरं कारण. टाचा ओल्या मातीत रुतल्या आणि मी पहिला हाफ एकाच जागी रोवलेल्या झेंड्यासारखी उभी राहून काढला. दात वाजत होते त्याचा आवाज येऊ नये म्हणून रुमाल दातांत धरला. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. हाफटाइमला मागून घोंगडी माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "कोनी नाई पाहत तुले. समदे बॉल पाहून राह्यले." आयुष्यात कोणी माझा इतका अपमान केला नव्हता आणि इतकी ऊबही दिली नव्हती.

पण थंडीपेक्षा मोठं दुखणं दुसरं होतं, आणि ते मी कोणाला सांगत नव्हते. नवरा चंद्रपूरकडे नोकरीला. खोली मिळाली की नेतो म्हणाला होता, आणि चंद्रपुरात म्हणे खोल्याच संपल्या होत्या. घरात मी काही बोलले की माझ्या बोलण्याला नणंदा हसायच्या, म्हणून मी बोलायचंच सोडलं. चुलीच्या धुराचा एक फायदा आहे, त्यात रडलं तर कोणी विचारत नाही. मी दोन्ही वेळचा स्वयंपाक हौसेने मागून घ्यायची, त्यामुळे सून फार कामाची आहे असा माझा लौकिक झाला. लग्नानंतर दोन महिन्यांनी, पौष लागल्यावर, मी अमरावतीहून आलेल्या मावसभावाजवळ बाबांना निरोप दिला: सोमवारी या, संक्रांतीचं निमित्त सांगा, आणि मला घेऊन चला. परत यायचं नाही हे मी मनात पक्कं केलं होतं. पलंगाखाली ट्रंक भरून ठेवली होती. घरात कोणालाही पत्ता नाही, अशी माझी खात्री. बी.ए.ची खात्री.

त्या सोमवारच्या आदल्या रविवारचीच ही गोष्ट. कामठीवाले पुन्हा आले होते. थंडी अशी की गोरशीने भागेना, म्हणून आत्याबाईंनी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांची, मोठी शेकोटी पेटवली. मग रेफ्री अजून आला नाही हे त्यांना कळलं, आणि तो आला की त्याला काय काय सुनावायचं हे ठरवायला त्या मिलच्या फाटकाकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "इस्तो विझू देऊ नको, सूनबाई."

आता पऱ्हाटी म्हणजे काय, भडकन पेटते आणि झटकन राख. ढीग संपला. मला तर इस्तो राखायचा होता. दोन महिन्यांत त्या घरातल्या कोणी मला जबाबदारीचं पहिलंच काम सांगितलं होतं. शोधता शोधता गोलखांबाच्या पायाशी गवतात पडलेला एक बांबू दिसला. छान वाळलेला. त्याचं दुसरं टोक धुक्यात कुठवर गेलंय ते दिसत नव्हतं, आणि मला बघायची गरज वाटली नाही. आमच्याकडे शेकोटीत लांब लाकूड तोडत बसत नाहीत. टोक आगीत द्यायचं, जळेल तसं आत सारायचं. मी टोक दिलं. बांबू पेटला, त्याची पेरं फाट फाट वाजू लागली, आणि जाळ असा उठला की धुक्यातून माणसं त्या उजेडाकडे येऊ लागली. आमची पोरं आली, कामठीची आली. क्लबचे सेक्रेटरी आले आणि तळहात पसरून म्हणाले, "वा वहिनी, जाळ असावा तं असा." शेवटी रेफ्रीही आला आणि आगीकडे पाठ करून कोट वर धरून उभा राहिला. मी बांबू सारत होते, हसत होते. माहेर सोडल्यापासून इतकी माणसं माझ्याभोवती खुशीत उभी राहिली नव्हती.

तेवढ्यात सेक्रेटरींना कामाची आठवण झाली. रात्री मैदानावर राहिले तर लोक जळणाला चोरून नेतात, म्हणून दोन्ही गोलांचे आडवे बांबू ते आपल्या घरी ठेवत आणि दर रविवारी सकाळी आणून, खांबाशी टाकून, रेफ्री आला की बांधत. आता ते सुतळी घेऊन खांबाकडे गेले, बांबू उचलला, आणि बांबूच्या मागोमाग चालत चालत शेकोटीपाशी आले. त्यांच्या हातात एक टोक होतं, माझ्या हाताखाली दुसरं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

उरलेला बांबू त्यांनी खांबाला लावून पाहिला. एका खांबाला टेकवला की दुसऱ्यापर्यंत पोचेना. कामठीचा कॅप्टन पुढे आला, "बिना डंडे के गोल में हम नहीं खेलते. मॅच हमको दे दो." आमची पोरं त्याच्या अंगावर गेली. सेक्रेटरी ओरडू लागले, "कोनं जाळला? कोनं जाळला हा बांबू?" मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना, दोन महिने न बोलल्यावर तो असा ऐन वेळी कुठून यायचा. आता हे घरी कळणार, सासरे येणार, आणि उद्या बाबांना काही कारण सांगावंच लागणार नाही, घरचेच ट्रंक रिक्षात ठेवून देतील, एवढं मला स्वच्छ दिसलं. मला जायचंच तर होतं. मग ते चित्र नकोसं का वाटलं, ते कळेना.

गर्दी बाजूला सारत आत्याबाई आल्या. जळका बांबू पाहिला, मला पाहिलं, आणि पाट ठेवून आरामात बसल्या. "कोनं जाळला म्हून काय विचारता भौ?" त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. "हात कोनं कोनं शेकले, थे सांगा आधी."

सेक्रेटरींनी आपले गरम हात हळूच खिशात घातले. रेफ्री दूर बघू लागला. कामठीचा कॅप्टन पुटपुटला, "सेके तो हमने भी हैं."

"मंग झालं," आत्याबाई म्हणाल्या. "आता सांगा, गोल लांब किती असते?"

"आठ वार," सेक्रेटरी म्हणाले.

"आठच? अन् येवढा कल्ला? तुमची बायको रोज नऊ वार नेसून पानी भरते." असं म्हणून त्यांनी डोक्याला गुंडाळलेलं लुगडं सोडायला सुरुवात केली. फेरे निघत गेले, निघत गेले, आणि आतून आत्याबाईंचं डोकं निघालं. पांढरं शुभ्र, बारीक कापलेले केस, इतकं लहानसं डोकं की मला कसंतरीच झालं. चार पोरांनी दोन्ही टोकं धरून, गोधडी पिळतात तसं, ते लुगडं पिळलं आणि दोन खांबांना बांधलं. इकडे अर्धा वार, तिकडे अर्धा वार गाठीला, मधला आठ वार गोल. हिरव्या लुगड्याचे लाल काठ पिळातून दिसत होते. मधे थोडं लोंबत होतं. रेफ्रीने तशी शंका काढली तर आत्याबाई म्हणाल्या, "हाफटाइमले बाजू बदलता ना? मंग लोंबलं तं दोघायलेही लोंबलं." यावर फुटबॉलच्या कुठल्याही नियमात उत्तर नाही. मॅच सुरू झाली.

उघड्या डोक्याने आत्याबाई थंडीत बसलेल्या पाहवेनात. मी माझी घोंगडी काढून त्यांच्या डोक्यावरून घातली आणि नायलॉनच्या साडीत त्यांना चिकटून बसले. दुसऱ्या हाफमध्ये सखूच्याने मारलेला बॉल लुगड्यावर आदळला, लुगडं बॉलसकट आत गेलं आणि गलोलीसारखं त्याने बॉल परत मैदानात फेकला. गोल की नाही यावर भांडण जुंपलं. आणि त्या भांडणात एक बाईचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू आला: "आत गेलता, मी पाह्यला, आत गेलता." इकडे तिकडे पाहिलं तेव्हा कळलं, तो माझा. अमरावतीची बी.ए., घोट्यापर्यंत चिखल, एक सँडल कुठे गेली पत्ता नाही. गोल दिला गेला. मॅच एक-एक सुटली. कोणीच हरलं नाही, त्यामुळे आत्याबाईंना कुठल्या बाजूला जाऊन बसावं ते समजेना, आणि त्या रेफ्रीला शेंगा द्यायला गेल्या.

नवा बांबू मिळेपर्यंत त्या पौषातल्या सगळ्या मॅचेस त्या लुगड्याखाली झाल्या. पुढे ऐंशीच्या दशकात मैदानाला तारेचं कुंपण आलं, लोखंडी गोलपोस्ट आले. आत्याबाईंनी त्या खांबावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "पक्कं हाय. पन थंडीचं काई कामाचं नाई." तोवर चंद्रपूरचा नाद सोडून नवरा बदली घेऊन घरी आला होता, माझी दोन पोरं आत्याबाईंच्या दोन बाजूंना बसून शेंगा सोलत होती, आणि सोबत म्हणून कोणाला जायचं हा प्रश्न घरात कधी निघालाच नाही. शेवटच्या हिवाळ्यात त्यांना चालवेना. आम्ही मागच्या खोलीतल्या खिडकीशी त्यांची बाज सरकवली. मी मैदानावर एकटी बसायची आणि दर गोलाला खिडकीकडे वळून कोण पुढे, कोण मागे ते हातवारे करून सांगायची. त्या तिथून हरणाऱ्याला टाळ्या वाजवायच्या. ऐकू येत नसत, दिसत. नंतरच्या पौषात खिडकी बंद होती, आणि मी पहिल्यांदाच पहिला हाफ पुरा न बघता उठून आले. दुसऱ्या हाफला मात्र परत गेले. आमची पोरं एका गोलाने मागे होती, आणि कोणीतरी ओरडायला हवं होतं.

आणि बाबा? ते ठरल्याप्रमाणे सोमवारी आले, जेवले, तुरीच्या शेंगा बांधून घेतल्या, आणि एकटेच यष्टीत बसून परत गेले. ते असे का गेले हे सांगायचं तर मला पुन्हा त्या रविवारी जावं लागेल, मैदानावरून घराकडे येणाऱ्या वाटेवर. माझ्या एका हातात किटली होती, दुसऱ्या हातात एकुलती एक सँडल, आणि मी रडत होते. धूर नव्हता, म्हणून सगळं दिसत होतं. आत्याबाई पुढे चालत होत्या. थांबल्या, गोरशी खाली ठेवली, कोटाच्या बाहीने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या:

"ट्रंक भरून ठेवली तुनं, थे मी कवाच पाह्यलं. कोनाले नाई सांगतलं. जायाचं तं जाजो पोरी, कोनी धरून नाई ठेवत तुले. पन पुढच्या इतवारी सेमीफायनल हाय. तेवढी पाहून जाजो."